एका शब्दाने अक्कांना दिवस गेले

शाळेतून निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत मला घर खायला उठलं. एकतीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलेलं तोंड ते, गप्प बसेना. मग सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, दर बुधवारी दुपारी चार वाजता, मी बायकांसाठी इंग्रजी बोलायचा वर्ग सुरू केला. परीक्षा नाही, हजेरी नाही, वही आणलीच पाहिजे असंही नाही. फक्त बोलायचं, एवढी एकच अट. आणि नेमकी तीच कुणाला जमत नव्हती.

नऊ जणी यायच्या. त्यांतल्या दोघींची ओळख आधी करून देते. एक अक्का. सगळा वर्ग त्यांना अक्काच म्हणायचा, मीही. शहराच्या पूर्व भागातलं विणकराचं घर. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. घरामागच्या शेडात चार माग, त्यांवर टॉवेल निघायचे. मागांच्या खडखडाटात तीस वर्षं काढल्यामुळे अक्कांचा आवाज असा खणखणीत, की त्या फाटकाशी 'बाई, हाय का?' म्हणाल्या की शेजारची मांजर उठून जायची. दुसऱ्या भाभी. मागच्या गल्लीत ब्लाउज शिवायच्या. घरात दखनी बोलायच्या, वर्गात काहीच बोलायच्या नाहीत. तीन महिने भाभी आल्या, ऐकून घेतलं, हसल्या, निघून गेल्या. इंग्रजीचा एक शब्द तोंडातून काढला नाही. मी विचारलं की मान हलवून म्हणायच्या, "अभी नै, मॅडम. सुन रई मैं."

अक्का मात्र घाईत होत्या. त्यांची एकुलती एक लेक इंजिनियर, नवऱ्याबरोबर स्पेनच्या दक्षिणेकडच्या एका शहरात राहायला गेलेली. तिला सातवा लागला होता. बाळंतपणाला आईनं तिकडं जायचं ठरलं होतं. स्पेनमध्ये इंग्रजीही फारसं चालत नाही हे लेकीनं सांगितलं होतं. पण अक्कांचं म्हणणं, "स्पॅनिश काय आता होत नाही. विमानात, विमानतळावर, दवाखान्यात इंग्रजी तरी पायजे की."

एका बुधवारी वर्ग सुरू होण्याआधीच त्या येऊन बसल्या.

"बाई, एक विचारू?"

"विचारा की."

"घरात आरशापुढं उभारून बोलते तेव्हा सगळं फाडफाड येतंय. पण समोर माणूस उभारलं की हितं," त्यांनी गळ्याला हात लावला, "हितं अडकतंय. आणि आपण अडकलो हे त्याला कळलं की मग लई कसंतरी होतंय. कान गरम होतात. पळून जावं वाटतंय. त्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

"शब्द कशाला हवाय?"

"त्याला नाव कळलं तर सांगता येईल की समोरच्याला. बाबा रे, मला असं असं झालंय, जरा थांब."

इतकं शहाणपणाचं उत्तर मला एकतीस वर्षांत एकाही विद्यार्थिनीनं दिलं नव्हतं. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत शब्द लिहिला. एम्बॅरस्ड.

मग वर्गात गोंधळच झाला. याला मराठीत काय म्हणायचं? एकजण म्हणाली, लाज. दुसरी म्हणाली, लाज कशी, लाज तर चोरी केल्यावर वाटते. तिसरीनं संकोच म्हटलं. ओशाळणं, खजील होणं, चेहरा पडणं, सगळं निघालं. अक्का म्हणाल्या, आमच्यात सिग्गू म्हणतात, पण सिग्गू नव्या नवरीलाही होतंय. अक्कलकोटकडची एकजण म्हणाली, आमच्या कानडीत नाचिके. भाभी हळूच म्हणाल्या, "शरमिंदगी." आणि लगेच स्वतःच शरमिंद्या होऊन पदर तोंडाला लावला. प्रत्येक शब्दाला थोडं थोडं जमत होतं, पूर्ण कुणालाच नाही.

तेव्हा मी त्यांना माझी गोष्ट सांगितली. मी मंगळवेढ्याची. बारावीपर्यंत तिथंच शिकले आणि सोलापूरला कॉलेजात आले तेव्हा 'हाय' आणि 'न्हाय' सोडून बोलता येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात इंग्रजीच्या सरांनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि नेमका हाच शब्द लिहायला सांगितला. याच्या स्पेलिंगमध्ये आर दोनदा येतो, एस दोनदा येतो. मी दोन्ही एकेकदाच लिहिले. सर म्हणाले, "दोन राहिले." मला वाटलं, दोन शब्द लिहायचे राहिले. मी तोच शब्द खाली पुन्हा लिहिला, पुन्हा तसाच चुकीचा. सगळा वर्ग बाकं वाजवून हसला. खडू हातात धरून मी तशीच उभी, आणि पायच हलेनात. पुढं त्याच विषयात एम. ए. केलं, त्याच विषयावर संसार चालवला, पण त्या दिवशी जिना उतरताना मी मंगळवेढ्याची एसटी धरून परत जायचं जवळजवळ ठरवलं होतं.

"मग का नाही गेला?" अक्कांनी विचारलं.

"एसटी चुकली."

सगळ्या हसल्या. तोंडावरचा पदर काढून भाभीही हसल्या.

त्या दिवसापासून अक्कांनी एक वाक्य घोटायला घेतलं. आय डोन्ट अंडरस्टँड. आय ॲम एम्बॅरस्ड. अक्का शेवटचा ड गिळायच्या. मी मागं लागले. "अक्का, ड ऐकू आला पाहिजे. ड खाऊ नका." अक्का कामसू. त्यांनी तो ड असा काही पक्का बसवला की त्याच्या मागं एक अख्खा आकार येऊन उभा राहिला. 'आय ॲम एंबरासडा.' मी दोनदा सुधारलं, तिसऱ्यांदा म्हटलं जाऊ दे, समजलं म्हणजे झालं. माझी चूक ही इथं झाली, आणि ती मी कबूल करते.

निघायच्या आदल्या बुधवारी अक्का पेढे घेऊन आल्या. बॅगेत शेंगा चटणी, कडक भाकरी, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू आणि घरच्या मागावरचे डझनभर टॉवेल होते. केसही नुकतेच काळे कुळकुळीत करून घेतले होते. "फोटो निघतील की," त्या म्हणाल्या. आम्ही सगळ्या फाटकापर्यंत गेलो. रिक्षात बसताना त्या म्हणाल्या, "बाई, मला भ्या वाटालंय." मी म्हटलं, "वाटलं तर सांगून टाका, नाव माहीत आहे ना आता." रिक्षा वळली.

तीन आठवडे काही कळलं नाही. चौथ्या बुधवारी, वर्ग चालू असताना, माझ्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला. अक्का. मी मोबाइल फळ्याच्या कडेला टेकवून ठेवला आणि आठही जणी त्याच्यापुढे दाटीवाटीनं बसल्या. तिकडं सकाळ होती. अक्कांच्या मागं एक पांढरी भिंत, खिडकीत तुळशीसारखं दिसणारं एक रोप. अक्कांचा चेहरा लालबुंद. रडतायत की हसतायत कळेना.

"बाई!" त्या ओरडल्या. "तुमच्या शब्दानं मला दिवस गेले!"

आठही जणी मोबाइल सोडून माझ्याकडे बघायला लागल्या.

मग अक्कांनी सगळं सांगितलं. मध्ये मध्ये हसू येऊन थांबत होत्या, डोळे पुसत होत्या.

लेकीच्या घरासमोर, त्याच मजल्यावर, पंचाहत्तरीची एक बाई एकटी राहते. अक्का पोचल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती लिफ्टमध्ये भेटली. भाजीची पिशवी अक्कांच्या एका हातात, दुसऱ्या हातानं पोटाशी निऱ्या धरलेल्या, कारण त्या लिफ्टच्या दारात साडी अडकेल अशी त्यांना भीती. त्या बाईनं हसून स्पॅनिशमध्ये काहीतरी भराभरा विचारलं. अक्कांचा गळा अडकला, कान गरम झाले. पण या वेळी त्यांच्याकडे शब्द होता. त्यांनी ताठ उभं राहून, ड ऐकू येईल असं म्हटलं, "आय ॲम एंबरासडा."

त्या बाईनं आधी अक्कांच्या तोंडाकडे पाहिलं. मग पोटावरच्या हाताकडे. मग काळ्याभोर केसांकडे. आणि मग तिनं अक्कांच्या हातातली भाजीची पिशवी काढून घेतली.

"मला वाटलं, काय माणसं हाईत हितली!" अक्का म्हणाल्या. "दारापर्यंत पिशवी आणून दिली. गालाला गाल लावला. दुसऱ्या दिवशी वाटीभर सूप. तिसऱ्या दिवशी लोकरीचे मोजे. मी गॅलरीत कपडे वाळत घालायले, तर ही पळत आली, बादली हिसकावून घेतली, मला खुर्चीवर बसवलं आणि असं बोट हलवलं. खाली बागेत बाकावर जागा नव्हती तर दोन पोरांना उठवून मला बसवलं. मी लेकीला म्हटलं, अगं, आपल्याकडं पाव्हण्याला इतकं कुणी करत न्हाय."

लेक म्हणाली, इथं म्हाताऱ्या माणसांना मान देतात, तसंच असेल. त्यावर अक्का दिवसभर फुगून बसल्या, कारण म्हातारी म्हटलं.

आणि कॉलच्या आदल्या दिवशी ती बाई घरी आली. हातात कागदाची पिशवी. त्यातून तिनं पिवळ्या लोकरीच्या दोन टोप्या काढल्या, हाताच्या मुठीएवढ्या, स्वतः विणलेल्या. एक लेकीच्या पोटापाशी धरली. दुसरी अक्कांच्या पोटापाशी. आणि दोन बोटं वर करून आनंदानं टाळी वाजवली.

लेकीला तोपर्यंत थोडं स्पॅनिश येत होतं. तिनं विचारलं, दोन कशाला? त्या बाईनं अक्कांकडे बोट करून सांगितलं, यांनीच तर सांगितलं मला, लिफ्टमध्ये. एंबारासादा. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ, पोटुशी.

लेक आठवा सरलेली, तशीच भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता पोट धरलं. जावई आतल्या खोलीतून कामाचा कॉल सोडून धावत आला, बायकोला पोट धरून खाली बसलेली बघितली आणि दवाखान्याची तयार ठेवलेली बॅग खांद्याला लावून थेट दाराबाहेर गेला. लिफ्ट येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही की बायको आतच राहिली.

लेकीनं मग त्या बाईला सगळं समजावून सांगितलं. त्या बाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. गोरी बाई ती, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.

"मी तिचे हात बाजूला केले," अक्का म्हणाल्या, "आणि म्हटलं, नाऊ यू आर एंबरासडा!"

इकडे आमच्या खोलीत कुणाला श्वास घेता येत नव्हता. एकीनं चष्मा काढून ठेवला होता, एक भिंतीला डोकं टेकून नुसती हलत होती. मी खुर्चीवरून उठायचा प्रयत्न केला आणि परत बसले. तेवढ्यात भाभी उठल्या. फळ्यापाशी गेल्या. पदर नीट केला, मोबाइलच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि तीन महिन्यांतलं पहिलं इंग्रजी वाक्य बोलल्या, स्वच्छ, एकही अक्षर न गाळता:

"अक्का, हाउ मेनी मन्थ्स?"

तिकडून अक्कांनी फोन बहुतेक खाली टाकला, कारण आम्हाला नुसतं छत दिसायला लागलं आणि छतामागून अक्कांचं हसू ऐकू येत राहिलं.

सगळ्या गेल्यावर मी कपाटातला जाडजूड कोश काढला. आयुष्यभर हा शब्द शिकवला, त्याच्यासाठी एकदा सगळ्या वर्गाचं हसूही झेललं, पण तो आला कुठून हे कधी बघितलं नव्हतं. कोशात जे सापडलं ते वाचून मी जागच्या जागी मोठ्यानं 'अगं बाई' म्हणाले. इंग्रजीनं तो फ्रेंचांकडून घेतला, फ्रेंचांनी स्पॅनिशमधून, आणि त्याच्या मागं बहुतेक पोर्तुगीज, असं दिलं होतं. मुळाशी दोर असावा, म्हणजे जनावराच्या गळ्यात बांधतात तसला. अगदी नक्की कुणालाच माहीत नाही, असंही प्रामाणिकपणे लिहिलं होतं. सुरुवातीला त्या शब्दाचा लाजेशी काही संबंधच नव्हता. वाट अडवणं, अडथळा करणं, गुंतवून ठेवणं, एवढाच अर्थ. रस्ता अडायचा, पाय अडकायचे. चारचौघांत माणसाची जीभ अडते तो अर्थ फार उशिरा, इंग्रजीत येऊन चिकटला. स्पॅनिशमध्ये मात्र त्याच शब्दाची बाईरूपी बहीण पोटुशी होऊन बसली.

अक्कांनी कोश न बघता गळ्याला हात लावून सांगितलं होतं, 'हितं अडकतंय.'

ही हकिगत मी मोठ्या उत्साहानं ह्यांना सांगितली. आमचे हे एसटीच्या कार्यालयात कारकून होते, शब्दांच्या भानगडीत पडत नाहीत. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "त्यात काय एवढं? आपल्याकडंही तसंच आहे की."

"कसं तसंच?"

"अवघडलेली म्हणत नाहीत का पोटुशी बाईला?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. खरंच की! चारचौघांत कसंतरी झालं की आपण म्हणतो, मला अवघडल्यासारखं झालं. आणि दिवस भरत आलेल्या बाईला म्हणतो अवघडलेली. एकच शब्द, दोन्ही कामं. माझ्या तोंडात जन्मापासून होता आणि त्या दिवशी वर्गात आठ शब्द फळ्यावर लिहिताना तो एक मला सुचला नव्हता.

आणि मग मला मंगळवेढ्याची ती बस आठवली. थोरल्याच्या वेळी आठवा चालू होता. मी माहेराहून सोलापूरला येत होते, गाडी खच्चून भरलेली. दांडीला धरून कशीबशी उभी होते आणि जागा मागायची मला सोय नव्हती, कारण समोरच्या बाकावर माझ्याच शाळेतले दोन शिक्षक बसले होते. त्यांनी मान खिडकीकडे वळवून ठेवलेली. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा गरजला, "उटा की वो मास्तर! बाई अवघडलेली हाय, दिसत न्हाय व्हय?" सगळी गाडी वळून माझ्या पोटाकडे बघायला लागली. मास्तर दोघंही एकदम उठले आणि एकमेकांवर आपटले. त्या वेळी मी दोन्ही अर्थांनी इतकी अवघडले होते की बसतानाही हसावं की रडावं कळेना. शेवटी शेजारची म्हातारी हसली, मग मीही हसले, आणि सोलापूर येईपर्यंत ती मला तिच्या सहा बाळंतपणांची हकिगत सांगत होती.

पुढच्या बुधवारी मी हे सगळं वर्गात सांगितलं. दोर, अडथळा, पोटुशी, अवघडलेली, एसटीची गाडी. परिणाम असा झाला की आमच्या वर्गातून लाज गेलीच. कुणी मध्येच अडकली की बाकीच्या एका सुरात विचारायच्या, "हाउ मेनी मन्थ्स?" ती म्हणायची, "टू मन्थ्स, प्लीज वेट," आणि वाक्य पुरं करायची. भाभी तर थांबेचनात. ब्लाउजचं माप घेताना गिऱ्हाइकाशी इंग्रजीत बोलायला लागल्या. एका डॉक्टरीणबाईंना त्यांनी सांगितलं, "युवर लेफ्ट शोल्डर इज लेझी." डॉक्टरीणबाईंनी मला मुद्दाम फोन करून विचारलं, हे तुम्ही शिकवलंत का? मी अभिमानानं हो म्हटलं.

अक्कांच्या लेकीला मुलगी झाली. कळा खऱ्या सुरू झाल्या तेव्हा जावई या वेळी बायकोला बरोबर घेऊन लिफ्टमध्ये शिरला. दवाखान्यात अक्का दहा तास बाहेर बसल्या आणि ती समोरची बाईही त्यांच्याबरोबर बसून होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. अक्का तेलुगूत देवाला विनवत होत्या, ती बाई तिच्या भाषेत. नर्सनं येऊन सांगितलं तेव्हा दोघींनी एकाच वेळी एकमेकींना घट्ट धरलं. दोन्ही पिवळ्या टोप्या बाळालाच मिळाल्या. बारशाला त्या बाईनं अक्कांच्या हातची भाकरी आणि शेंगा चटणी खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं तरी दुसऱ्यांदा घेतली, आणि निघताना उरलेली चटणी बरणीसकट मागून नेली.

चार महिन्यांनी अक्का परत आल्या. आल्यावरच्या पहिल्याच बुधवारी बरोबर चारला फाटकाशी आवाज आला, "बाई, हाय का?" पाठोपाठ एक सडपातळ बाई, पदर डोक्यावर, चपला काढायच्या की नको अशा पेचात उंबऱ्यापाशी उभी.

"ही माझी धाकटी जाऊ," अक्का म्हणाल्या. "हिला सगळं येतं. टीव्हीवरच्या इंग्रजी बातम्या ऐकून मला अर्थ सांगते. पण तोंड उघडत नाही. तिला वाटतंय, हसतील."

"हसतात का?" जाऊबाईंनी मला अगदी हळू विचारलं.

मी वर्गाकडे पाहिलं. भाभींनी शिवणाची पिशवी उचलून सतरंजीवर स्वतःच्या शेजारी जागा केली, तिथं हातानं थोपटलं आणि म्हणाल्या, "यस. वी लाफ. कम, सिट."